आयुक्त साहेब, पुढचं झोन ऑफिस लाकडाचं बांधू, पण आधी पाडलेल्या वाड्यांचं लाकूड मोजा

मा. आयुक्त साहेब, सोलापूर महानगरपालिका, आणि नगररचना, बांधकाम परवाना, झोन ऑफिस सगळीकडच्या मंडळींना नमस्कार.

मी साइट सुपरवायझर आहे, पंचवीसेक वर्षं या गावात स्लॅब टाकतोय, म्हणजे सिमेंटवरच पोट आहे माझं, तेव्हा हे पत्र कुणा पर्यावरणवाल्याचं समजून बाजूला ठेवू नका. आजोबा सुतार होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तात्यांनी शुक्रवार पेठेत, कसब्यात कितीतरी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं उभी केली आणि त्यातली तीन मी स्वतः माणसं लावून पाडली, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं.

मागणी आधीच सांगतो, नाहीतर पत्र लांबत जातं आणि मुद्दा राहून जातो. महापालिका पुढेमागे कुठलंतरी ऑफिस बांधणारच, झोन ऑफिस असेल, कर भरणा केंद्र असेल, ते ग्राउंड प्लस दोनचं असेल तर त्याचा सांगाडा लाकडाचा करा. आणि ते लाकूड गावात जे वाडे रोज उतरतायत त्यांच्यातलं घ्या. ऑफिस दोन-तीन वर्षांनी झालं तरी चालेल, पण लाकूड गोळा करायला आत्ताच सुरुवात करावी लागेल, कारण ते दर महिन्याला ट्रकात बसून चाललंय.

हे मी पहिल्यांदा चहाच्या टपरीवर बोललो तेव्हा आमचा आरसीसीचा ठेकेदार म्हणाला, "लाकडाचं ऑफिस? येडं झालास का बे? वाळवी खाईल, नाहीतर जळंल." वाळवी आणि आग, दोन्हीकडे येतो. आधी एक वेगळीच गोष्ट सांगतो.

गेल्या मे महिन्यात एका सरकारी ऑफिसात गेलो होतो, कुठल्या ते जाऊ द्या, तुमचं नव्हतं. समोरून सगळी काच, पश्चिमेला तोंड, बाहेर ४३ डिग्री आणि आत एसी चालू असून साहेबांच्या टेबलावर पंखा वेगळा. काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. म्हणजे लाखो रुपयांची काच लावायची आणि मग तिच्यावर रद्दी चिकटवायची! बाहेर रांगेत उभ्या माणसांना सावली नाही, एक म्हातारी पायातली चप्पल काढून त्यावर बसली होती. तेव्हा डोक्यात आलं की तात्यांच्या माळवदाखाली दुपारी दोन वाजता झोप लागायची, लाइट गेली तरी. आपण पुढे गेलो की मागे आलो कळत नाही.

जगात लाकडाची मोठी ऑफिसं होतायत हे तुमच्या आर्किटेक्ट लोकांना माहितीच असणार. झुरिकमध्ये टामेडिया म्हणून एका मीडिया कंपनीचं सात मजली ऑफिस आहे, शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टनं २०१३ मध्ये पूर्ण केलेलं, त्याच्या लाकडी सांगाड्याच्या जोडांत स्टील नाही, लाकडात लाकूड बसवलंय. फोटो बघितल्यावर मी हसलो, कारण एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ आणि मधून आडवी खुंटी हे तात्या वीस-बावीसाव्या वर्षी करत होते, फक्त त्यांचा फोटो कुणी छापला नाही. सिएटलचं बुलिट सेंटर सहा मजली ऑफिस आहे, तेही २०१३ चं, छतावर सोलर, पावसाचं पाणी साठवतात. नॉर्वेत म्योसटॉर्नेट नावाचा १८ मजली लाकडी टॉवर ८५ मीटरच्या वर गेलाय. म्हणजे लाकूड उभं राहतं की नाही ही चर्चा संपलेली आहे.

पण साहेब, ते तसंच्या तसं उचलून इथे आणलं तर फसेल, आणि हे कुणीतरी तुम्हाला आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर एखादा कन्सल्टंट रंगीत प्रेझेंटेशन घेऊन येईल आणि युरोपातून फळ्या मागवायला लावेल. तिकडे सीएलटी वापरतात, म्हणजे सूचीपर्णी झाडांच्या फळ्या आडव्या-उभ्या थरांनी चिकटवून केलेली जाड पॅनल. ती जहाजातून आणायची, मग मुंबईहून ट्रेलरवर आणायची, आणि वर म्हणायचं पर्यावरण वाचवलं. सिंगापूरच्या एका विद्यापीठात अशी भलीमोठी लाकडी इमारत झाली, खूप नाव झालं, आणि दोन वर्षांत लाकडावर बुरशी धरल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडे तेवढा दमटपणा नाही हे खरं, पण आपलं दुखणं वेगळं आहे. लाकूड हलकं असतं, ते उष्णता पटकन आत सोडत नाही हे चांगलं, पण धरूनही ठेवत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसा ४२ आणि पहाटे २६-२७ असा खेळ असतो, इथे भिंत जड पाहिजे, दिवसभर ऊन पिऊन बसणारी आणि रात्री खिडक्या उघडल्या की थंड होणारी. नुसत्या लाकडाच्या खोक्यात बसलात तर दुपारी चारला डबा गरम झालेला असेल.

म्हणून उत्तर आपल्याच पेठांत आहे. जुनं घर म्हणजे काय हो, खणाचं घर, खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, वर तुळया, तुळयांवर आडव्या किलचा म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या, त्यावर पांढरी माती. वजन खांबांवर, आणि दोन-अडीच फुटांची दगड-मातीची भिंत गारव्याला. घर केवढं विचारलं तर लोक चौरस फूट सांगायचे नाहीत, "सात खणांचं" म्हणायचे. लाकूड सांगाड्याला, माती गारव्याला, प्रत्येकाला त्याचं त्याचं काम. मी जे ऑफिस म्हणतोय ते हेच आहे, फक्त आजच्या हिशोबानं.

आता कुणीतरी किल्लारीच्या भूकंपाचा विषय काढणार, आणि काढायलाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मला आठवते, मी शाळेत होतो, आमच्या घराचे पत्रे वाजले आणि आई अंगणात घेऊन पळाली. तिकडे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलंय की माळवद म्हणजे मरण. पण मारलं कशानं ते बघा. गोल दगडांच्या, नुसत्या मातीत रचलेल्या जाड भिंतींनी आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढवलेल्या मातीच्या छतानं. एक फूट मातीचं वजन दर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास जातं, दोन फूट झाली की एक टन तुमच्या डोक्यावर. उलट जिथे खणाची लाकडी चौकट धड होती तिथे कित्येक घरांत भिंती बाहेर पडल्या आणि चौकट छतासकट उभी राहिली, हे नंतर पाहणी करणाऱ्या इंजिनिअर लोकांनी लिहून ठेवलंय. तेव्हा छत हलकं करायचं, भिंत दगड-मातीच्या ढिगासारखी न ठेवता दाबलेल्या मातीच्या विटांची किंवा फ्लाय अ‍ॅश विटांची करून सांगाड्याला बांधायची, आणि चौकटीला तिरके आधार द्यायचे. फ्लाय अ‍ॅश तर आपल्या दारात आहे, फताटेवाडीचा एनटीपीसीचा कोळशावरचा वीज प्रकल्प १३२० मेगावॅटचा आहे, राख काय कमी पडणार नाही.

आगीचं. मागच्या वर्षी, १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली, त्यानंतर या गावात आगीवर कुणी सहज बोलू नये असं मला वाटतं, म्हणून जपूनच लिहितो. लाकूड जळतं. पण जाड लाकूड कसं जळतं ते चूल पेटवणाऱ्या कुणालाही विचारा, काटक्या भुर्रकन जातात आणि ओंडका तासभर धुमसत राहतो. वरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकून धरतो. युरोपचे कोड मऊ लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर जळतं असं धरतात, म्हणजे तासाला एका बाजूनं ४० मिलिमीटर. ८ इंची खांब चारी बाजूंनी तासभर जळला तरी आत जवळपास पाच इंच शिल्लक, आणि त्या पाच इंचावर भार पेलायचा हिशोब आधीच करून ठेवायचा. लोखंड ५५०-६०० डिग्रीला निम्मी ताकद सोडतं, म्हणून जोडातल्या पट्ट्या लाकडाच्या आत लपवायच्या. पण ६ इंची खांबाचं हेच गणित मांडलं तर आत तीन इंचही उरत नाही, म्हणजे प्रत्येक जुना खांब भाराला चालणार नाही हे मी आधीच कबूल करतो, बारीक लाकूड पार्टिशनला, जिन्याच्या कठड्याला, खिडक्यांना. आणि जिना स्वतः विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या खोक्यात, दोन टोकांना दोन, दार बाहेर उघडणारं, त्या दारात कुणी कपाट ठेवायचं नाही. हे शेवटचं तर कुठल्याही इमारतीला लागू आहे आणि कुठल्याही इमारतीत पाळलं जात नाही.

वाळवीचं उत्तर तात्यांनी दिलेलंच होतं, तळखडा. लोकांना वाटतं तो दगड शोभेला असतो. तो खांबाला जमिनीच्या ओलीपासून वर उचलतो आणि वाळवी वर चढायची झाली तर तिला दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं, ती डोळ्याला दिसते, झाडू मारला की गेली. आज तळखड्यावर स्टीलचा बूट बसवायचा, जमिनीला बांधकामाआधी आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे वाळवीचं औषध मारायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खांब पीओपी नाहीतर फॉल्स सीलिंगमागे झाकायचे नाहीत. मी पाडलेल्या घरांत वाळवी जिथे जिथे निघाली ती जिथे नंतर कुणीतरी खांबाला चिकटून फरशी आणि प्लास्टर केलं होतं तिथे. उघड्या खांबाला काही झालेलं नव्हतं. शंभरी उलटलेलं सागवान, रंधा मारला की आतून मधासारखं.

एक गोष्ट मात्र लाकडाचे भक्त सांगत नाहीत. ते म्हणतात इमारत हलकी म्हणून पाया स्वस्त. काळ्या मातीत तसं होत नाही हो. जुळे सोलापूरकडे, विजापूर रोडला ज्यांनी बंगले बांधले त्यांना विचारा, पावसाळ्यात माती फुगते आणि हलकं घर उलट वर उचलते, मग उन्हाळ्यात भेग पडते त्यात बोट जातं. हलक्या इमारतीला तिथे अंडर-रीम्ड पाइल लागणार, खालून कंदासारखे फुगीर, रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी रुळवलेले. मुरूम लागला तर वाचलात. तेव्हा पाया स्वस्तात पडेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

मग फायदा काय? सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते आणि त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीचा कोळसा वेगळा. जगातल्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के धरतात. लाकडाचं उलटं, सुक्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बनच असतो, झाडानं हवेतून ओढलेला. सागाचं एक घनमीटर धरलं तर सव्वा टनाच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड त्यात बंद करून ठेवलाय असं समजा. तो वाड्यात शंभर वर्षं गप बसला होता. आपण वाडा पाडतो, चांगले खांब बाहेरगावचे व्यापारी नेतात, आणि किलचा, फुटक्या तुळया बंबात नाहीतर भट्टीत जातात. मी स्वतः पाठवल्यात. जुना व्यापारी मला म्हणाला होता, "मामा, हे लाकूड आता पैसे देऊन मिळत नाही," आणि असं म्हणत घनफुटाचा भाव पाडत होता.

आता डिझाइनचं, कारण इथेच सगळं उलटं करायचंय. नेहमी काय होतं, आर्किटेक्ट नकाशा काढतो, मग इंजिनिअर बीम ठरवतो, मग माल मागवतो. जुन्या लाकडात आधी माल मोजायचा मग नकाशा. पेठेतल्या तुळया बहुतेक ८ ते १२ फुटांच्या निघतात, त्यामुळे खांबातलं अंतर त्याच हिशोबात ठेवायचं, ३० फुटांचा मोकळा हॉल मागायचा नाही. आणि ऑफिसला तो लागतो तरी कशाला? चौक ठेवा मधे, चारी बाजूंनी ओसरी, ओसरीत बाकडी, लोकांची रांग सावलीत. खोल्या एकेरी म्हणजे दोन्हीकडून वारा. जिथे मोठा सभागृहासारखा गाळा लागेलच तिथे दोन तुळयांमधे स्टीलची पट्टी घालून बोल्ट मारायचा, किंवा शेतातल्या निलगिरी, मिलिया दुबियाचं चिकटवलेलं लाकूड आणायचं. रेकॉर्ड रूम तळमजल्यावर आणि विटांची. हे हट्टानं सांगतोय, कारण कोडमध्ये ऑफिसच्या जमिनीला चौरस मीटरला २.५ ते ४ किलोन्यूटन (एक म्हणजे साधारण शंभर किलो) भार धरतात आणि फाइल रूमला ५, आणि सरकारी फाइली ठरवलेल्या खोलीत कधी राहत नाहीत, त्या पॅसेजमध्ये चालत येतात. वरच्या मजल्यावर चाललं की खाली दणदण वाजतं, त्याला फळ्यांवर चुन्याचा कोबा. छतावर हलकं इन्सुलेशन, पांढरी चायना मोझॅक, आणि त्यावर हातभर अंतर ठेवून सोलर पॅनल, म्हणजे वीजही आणि छताला छत्रीही.

नियमात बसतं का, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये लाकूड आणि बांबूचा वेगळा विभाग आहे, लाकडी डिझाइनला आयएस ८८३ आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९९३ मध्ये आपल्या कामात लाकडाला बंदी घातली होती, योगायोग बघा, किल्लारीचंच वर्ष, कारण मात्र जंगल वाचवायचं होतं. ती बंदी जुलै २०२० मध्ये उठली. तो आदेश तुम्हाला लागू नाही हे मला कळतं, पण दिल्लीनं सोडलं म्हणजे तुमच्या ऑडिटरला दाखवायला कागद झाला.

आणि मुख्य म्हणजे २०१६ चे बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नियम, ज्यांच्या जागी एप्रिल २०२६ पासून नवे आले, तेही मोठ्या पाडकामात लाकूड वेगळं काढा असं सांगत होते. वाडा त्या मापात बसत नव्हता, तो लहान असतो, म्हणून तो सुटायचा. तुम्ही एवढंच करा की पाडकामाची परवानगी देताना अर्जात एक ओळ वाढवा, खांब किती, तुळया किती, लांबी-जाडी काय. धोकादायक इमारतीची नोटीस तुम्हीच काढता, तेव्हा यादी तुमच्याकडेच आहे. मालकाला भाव व्यापाऱ्याएवढाच द्या, फुकट मागू नका, नाहीतर सगळं रात्रीतून गायब होईल. महापालिकेची एखादी पडीक शेड त्याला द्या, जमिनीपासून फूटभर वर रचायचं, मधे पट्ट्या घालून, वारा खेळला पाहिजे. खिळे काढायला, गाठी-भेगा-पोकळी बघून वर्ग लावायला गावात अजून म्हातारे सुतार आहेत, त्यांच्या हाताखाली आयटीआयची पोरं द्या. खिळा राहिला तर आरागिरणीचं पातं तुटतं, मग गिरणीवाला पुन्हा दारात उभं करत नाही, हा अनुभव आहे.

माझा कच्चा हिशोब सांगतो, चुकला तर तुमच्या इंजिनिअरनं दुरुस्त करावा. सहा-साडेसहा हजार चौरस फुटांच्या ऑफिसला सांगाडा आणि जमिनी धरून अडीच हजार घनफूट लाकूड तरी लागेल. मी पाडलेल्या तीन घरांत वापरण्याजोगं निघालं ते प्रत्येकी दीड-दोनशे घनफूट. म्हणजे तेरा ते सतरा वाडे. एका वर्षात होणार नाही. म्हणूनच म्हणतोय आधी लाकूड.

महापालिकेची जी जुनी इंद्रभुवन इमारत आहे तिथे उन्हाळ्यात जाऊन भिंतीला हात लावून बघा. अप्पासाहेब वारदांनी बांधलं तेव्हा एसी नव्हता. त्याची नक्कल करा म्हणत नाही, तेवढा पैसा आता कुणाकडे नाही आणि सिमेंटचे खोटे खांब लावून "हेरिटेज लूक" केलेली ऑफिसं मला बघवत नाहीत. पण आपण गरम गावात राहतो हे त्या माणसाला माहिती होतं.

दक्षिण कसब्यात एक वाडा येत्या महिन्यात उतरवायचाय, काम माझ्याकडेच आहे. मालक ओळखीचा, मोजायला नाही म्हणणार नाही, मी विचारून ठेवलंय. व्यापाऱ्याचा ट्रक यायच्या आधी तुमचा एखादा ज्युनिअर इंजिनिअर सकाळी आठला टेप घेऊन पाठवा, ऊन चढायच्या आत सगळे खांब मोजून होतील. नंबर टाकायला खडू माझ्या खिशात असतो.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक साइट सुपरवायझर